‘ध’ चा ‘मा’ : जुना आणि नवा

आमचे फर्दापूर हे अजिंठ्याच्या लेण्यांच्या उंबरठ्यावरचे गाव. दूरदूरचे प्रवासी येथे उतरतात, फाट्यावरून बसमध्ये बसतात आणि वाघूर नदीच्या वळणावरील त्या डोंगरात जाऊन येतात. परतताना बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यात पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र असते. ‘अजिंठा पाहिला’ असे ते समाधानाने म्हणतात. परंतु आपण पाहिले ते नेमके काय, ह्या प्रश्नाने चांगल्या चांगल्या जाणत्यांनाही ह्याच लेण्यांत चकविले आहे. त्या हकिकतीपासूनच आजच्या विषयास आरंभ करू.

सन १८४४ पासून रॉबर्ट गिल ह्या चित्रकार अधिकाऱ्याने ह्या चित्रांच्या नकला करण्यात कित्येक वर्षे घालविली. त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब आपले विद्यार्थी घेऊन आले आणि १८७२ ते १८८५ पर्यंत त्यांनी नव्याने नकला केल्या. त्यांतील पुष्कळ नकलाही १८८५ च्या लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. नकला गेल्या, पण भिंतीवरील मूळ राहिले. मात्र चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळी मुळावरच व्हार्निश चढविण्यात आले होते. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून बोलाविलेल्या दोघा तज्ज्ञांनी सुटत चाललेला रंग भिंतीस धरून ठेविला, हे त्यांचे मोठेच उपकार होत. परंतु त्यांनी वापरलेला लाखेचा थरही काळाने पिवळा व काळपट झाला. मग कित्येक वर्षे पाहणारे तो पिवळेपणाच मूळ चित्रकाराचा रंग समजत राहिले. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या माणसांनी तो थर चिकाटीने उतरविला, तेव्हा खालचा खरा रंग डोळ्यांस दिसला.

चित्र तेच, भिंतही तीच. पाहणारा आणि मूळ ह्यांच्यामध्ये तेवढा एक थर आला होता. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या हाती दिवसाकाठी जी शेकडो चित्रे येतात, त्यांवरही असेच थर असतात. अजिंठ्याचा थर सद्हेतूने चढविला होता. मोबाइलमधील थर पुष्कळदा दुष्ट हेतूने चढविलेला असतो, आणि त्याखाली एखाद्या निरपराध मुलाचे आयुष्य दडपले जाऊ शकते.

समजा, आमच्यासारख्याच गावात नववीच्या वर्गात शिकणारा एक मुलगा आहे. एका रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात एक स्क्रीनशॉट येतो. वर त्या मुलाचे नाव आहे, शेजारी त्याचा फोटो आहे, आणि खाली गावातील एका समाजाविषयी अत्यंत अश्लाघ्य शब्द आहेत. पाहणारा चिडतो व चार जणांस पाठवितो. सकाळी दूध घालणाऱ्यापासून बाजारातील दुकानदारापर्यंत सर्वांनी ते वाचलेले असते. शाळेच्या फाटकाशी लोक जमतात. मुलाची आई दाराआड रडत बसते, आणि मुलगा एकच वाक्य पुनः पुन्हा सांगतो, “मी हे लिहिले नाही.” त्याचे ऐकतो कोण? ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले’ असेच जो तो म्हणतो.

हे उदाहरण आम्ही कल्पनेने रचिले आहे. तथापि त्यातील एकही पायरी अशक्य नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्याचे चित्र होय. तो संदेश नव्हे. कोणीही आपल्या मोबाइलमध्ये कोणताही क्रमांक आपल्याला हव्या त्या नावाने साठवू शकतो. म्हणजे निरोप लिहिणारा एक आणि वर दिसणारे नाव दुसऱ्याचे, असे करावयास कसलीही विद्या लागत नाही. दुसऱ्याचा फोटो लावून त्याच्या नावाचे खोटे खाते उघडणेही तितकेच सोपे. शिवाय काढलेल्या चित्रातील अक्षरे पुसून तेथे दुसरी बसविता येतात, आणि शाळकरी मुलाच्या हाती असलेल्या साधनांनीही ते इतके सफाईने साधते की नुसत्या डोळ्यांस सांधा दिसत नाही.

अक्षरात फेरफार करून अनर्थ घडविल्याची गोष्ट मराठी घरांत नवी नाही. ‘ध चा मा करणे’ हा आपला वाक्प्रचार जिच्यापासून निघाला, ती हकिकत सर्वांस ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून मारले गेले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चुलते राघोबादादा ह्यांनी गारद्यांस ‘नारायणरावास धरावे’ असे लिहिले होते. त्या पत्रातील ‘ध’ खोडून कोणी ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे सांगतात. एका अक्षराने कैदेचा हुकूम मृत्यूचा हुकूम झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी करून राघोबादादांस दोषी धरिले व देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि अशा राज्यात आपण राहणार नाही म्हणून ते पुणे सोडून निघून गेले.

ह्या गोष्टीत आणखी एक धडा आहे, तो सहसा कोणी पाहत नाही. तो ‘मा’ आनंदीबाईंनी केला, असे आपण बिनदिक्कत सांगतो. नाटकांतून, गोष्टींतून व घरच्या बोलण्यातून ती बाई अडीचशे वर्षे त्या आरोपाखाली उभी आहे. परंतु अक्षर त्यांनीच बदलले ह्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. म्हणजे खोट्या अक्षरापासून सावध राहा असे शिकविणारी गोष्टच आपण मूळ न तपासता एका माणसाच्या माथी मारीत आलो आहोत! रामशास्त्र्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण त्यांनी निकाल देण्यापूर्वी चौकशी केली होती, हे मात्र विसरतो.

आता नव्या काळाकडे वळू. आजचा ‘ध चा मा’ चार प्रकारांनी होतो. अक्षर बदलणे हा पहिला, तो वर सांगितलाच. दुसरा प्रकार शेवट कापण्याचा. सन २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत अशी आवई देशभर उठली. तिच्याबरोबर एक चित्रफीत हिंडत होती. तीत मोटारसायकलवरील दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. वास्तविक ती कराची शहरात लोकांना सावध करण्यासाठी तयार केलेली फीत होती. तिच्या अखेरीस ते दोघे मुलास परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. भारतात फिरलेल्या फितीत तो शेवटच नव्हता. शेवट कापताच शिकवणीचा आरोप झाला.

त्या आवईने आमच्या महाराष्ट्रात काय केले, हे लिहिताना लेखणी जड होते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सोलापूर जिल्ह्याकडील पाच माणसे आली होती. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. ती मुले पळविणारी आहेत असा संशय कोणी घेतला, आणि जमावाने त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांचा जीव घेतला. त्यांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते. जमावातील पुष्कळांस आपण गावातील मुलांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असावे. चांगल्या भावनेला खोटी बातमी मिळाली म्हणजे तिच्या हातून असे क्रौर्य घडते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली. मर्यादा आली, पण ते पाच जीव परत आले नाहीत.

तिसरा प्रकार आरंभ कापण्याचा. ह्याचे उदाहरण एका शाळकरी मुलाचेच आहे आणि ते आमच्यासारख्याच एका मिशनरी शाळेत घडले. १८ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेतील केंटकी प्रांतातील एका कॅथॉलिक हायस्कूलचे विद्यार्थी वॉशिंग्टन शहरी लिंकन स्मारकापाशी बससाठी थांबले होते. तेथे सोळा वर्षांचा एक विद्यार्थी आणि ढोल वाजविणारे एक वृद्ध आदिवासी गृहस्थ समोरासमोर उभे आहेत, अशी लहानशी चित्रफीत पसरली. मुलांनी त्या वृद्धास घेरून त्यांचा अपमान केला, असा तिचा अर्थ लावण्यात आला. एका दिवसात त्या मुलाचा चेहरा जगभर झाला. नामांकित वृत्तपत्रांनी तसेच छापिले. इतकेच नव्हे, तर स्वतः शाळेने व तिच्या धर्मप्रांताने चौकशीपूर्वीच मुलांचा निषेध केला. धमक्यांमुळे शाळा एक दिवस बंद ठेवावी लागली. त्याच शाळेशी संबंध असलेल्या दुसऱ्याच एका तरुणाचे नाव त्या चेहऱ्यास चिकटविले गेले आणि त्याच्या घरी शिव्याशाप येऊ लागले. तो तर त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हताच!

पुढे त्याच प्रसंगाची लांब चित्रीकरणे बाहेर आली. त्यांत दिसले की आधी तिसऱ्याच एका टोळक्याने त्या विद्यार्थ्यांस पुष्कळ वेळ शिवीगाळ केली होती, आणि ते वृद्ध गृहस्थ स्वतःच मुलांच्या दिशेने चालत आले होते. धर्मप्रांताने नेमलेल्या चौकशीत मुलांनी तंटा उकरून काढल्याचा पुरावा मिळाला नाही. बिशपांनी पालकांची क्षमा मागितली. त्या मुलाने लावलेल्या दाव्यांत एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीने व एका मोठ्या वृत्तपत्राने २०२० साली तडजोड केली, काही दावे पुढे फेटाळलेही गेले. त्या दिवशीच्या मुलांच्या वागण्याविषयी आजही मतभेद आहेत, आणि ते असोत. आमचे म्हणणे एवढेच की निवाडा आधी झाला आणि आरंभ मागाहून पाहिला गेला. त्या मुलाचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण ते पुरेसे उच्चारले गेले आहे.

चौथा प्रकार सर्वांत नवा. त्यात बदलणे नाही, कापणे नाही. सर्वच्या सर्व रचणे आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरजवळच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण पसरले. त्यात विद्यार्थ्यांविषयी व सहकाऱ्यांविषयी जातिद्वेषाचे उद्गार होते. मुख्याध्यापकांस कामावरून दूर राहावे लागले व घरी धमक्या येऊ लागल्या. एप्रिलमध्ये पोलिसांनी सांगितले की तो आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता, आणि त्याच शाळेच्या क्रीडाविभागाच्या प्रमुखास त्यांनी अटक केली. जे मुख्याध्यापकांच्या बाबतीत घडले ते उद्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही घडू शकेल, कारण ह्या यंत्रास आवाजाचा थोडासा नमुना पुरतो.

वाचक विचारतील, मग आम्ही विश्वास ठेवावा तरी कशावर? उत्तर सोपे आहे : मुळावर. चित्र पाहताच चार प्रश्न मनाशी विचारावेत. हे प्रथम कोणी, कोठे व केव्हा प्रसिद्ध केले? ह्याच्या आधी काय होते? ह्याच्या नंतर काय झाले? आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला कोणी विचारले काय? ह्या चारांपैकी एकाचेही उत्तर हाती नसेल, तर आपण ‘पाहिले’ असे म्हणू नये. ‘मजकडे आले’ एवढेच म्हणावे. छायाचित्र जुने वा परक्या ठिकाणचे आहे काय, हे गूगल लेन्ससारख्या साधनाने पुष्कळदा शोधता येते. स्क्रीनशॉट असेल, तर ज्या मोबाइलवर संदेश आला तो मोबाइल व त्यातील क्रमांक पाहिल्यावाचून त्याची किंमत शून्य समजावी.

मूळ जपण्याचे महत्त्व कायद्यानेही मानिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात मोबाइल वा संगणकातील नोंद न्यायालयात ठेवताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या फायलीचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फायलीचा गणिती अंगठा होय. फाइल जशीच्या तशी असेल तर तो तोच राहतो. एक अक्षर, किंबहुना चित्रातील एक ठिपका बदलला, तरी सारा अंगठा बदलून जातो. शनिवारवाड्याच्या काळी अशी सोय असती, तर ‘ध’ चा ‘मा’ झालेला तत्काळ उघड झाला असता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रत आकाराने घटते आणि ती कधी व कोठे काढली ही माहिती तीतून गळून पडते. म्हणून पुढे पाठविलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे.

आता ज्या मुलावर असा प्रसंग ओढवेल त्याने काय करावे, हे सांगतो. प्रथम, घाबरून आपले खाते किंवा संदेश पुसू नयेत. पुसणे म्हणजे आपल्या निरपराधीपणाचा साक्षीदार आपणच घालविणे होय. दुसरे, गटात उलट शिवीगाळ करू नये. तिसरे, त्याच दिवशी आईवडिलांस व विश्वासाच्या शिक्षकास सर्व सांगावे. चौथे, आलेला खोटा मजकूर, तो पाठविणाऱ्याचा क्रमांक, दिवस व वेळ लिहून ठेवावी आणि मोबाइल तसाच जपावा. पाचवे, पालकांसह पोलीस ठाण्यात किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार करावी. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे वा दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाच्या साह्याने फसविणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणून असे चित्र बनविणाऱ्या मुलांनीही हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि आरोप असलेले मूल अठरा वर्षांखालील असेल, तर २०१५ चा बालन्याय कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. त्या कायद्याने प्रथम मूल निष्पाप आहे असेच धरून चालावे लागते. त्यास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, आणि पोलिसांनी ताब्यात घेतल्यास चोवीस तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्याचे नाव, चेहरा, पत्ता व शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. म्हणजे ‘हाच तो मुलगा’ असे लिहून फोटो पुढे पाठविणारा कायद्याच्या विरुद्ध जाण्याचा धोका पत्करीत असतो. मग तो मुलगा दोषी असो वा नसो.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपल्या मुलाविषयी काही वाईट कानी आले, तर पहिला प्रश्न ‘तू असे का केलेस?’ असा विचारू नका. ‘काय झाले ते सांग’ असे विचारा. पहिल्या प्रश्नात निकाल आहे, दुसऱ्यात चौकशी आहे. ज्या घरी दुसरा प्रश्न विचारला जातो, तेथील मुले संकटात घराकडे धावत येतात. जेथे पहिला विचारला जातो, तेथील मुले घरापासून दूर पळतात. दुसऱ्याच्या मुलाविषयी कानी आले, तर तेवढीच कसोटी तेथेही लावावी. आम्हां शिक्षकांवरही ही जबाबदारी आहेच. केंटकीच्या शाळेने जी घाई केली ती आमच्या हातूनही होऊ शकते, हे आम्ही नम्रपणे ओळखून असले पाहिजे.

आरंभी ज्या मुलाची कल्पना केली, त्याच्याकडे पुन्हा जाऊ. त्याच्या वर्गात चाळीस मुले आहेत असे धरू. त्या रात्री त्यांपैकी एकाने जरी लिहिले असते, ‘ज्याच्या मोबाइलवर हा संदेश आला त्याने तो सकाळी गुरुजींस दाखवावा, तोपर्यंत कोणी पुढे पाठवू नये,’ तर फाटकाशी गर्दी जमली नसती आणि त्या आईला दार लावून घ्यावे लागले नसते. अजिंठ्याच्या भिंतीवरील थर उतरविण्यास जाणत्यांची कित्येक वर्षे गेली. एखाद्या मुलाच्या नावावर चढलेला थरही तसाच चिवट असतो; खरे उघड झाले तरी गावाच्या तोंडून तो लवकर निघत नाही. म्हणून तो चढू न देणे हेच शहाणपण. त्यास फारसे कष्ट नाहीत. पुढे पाठविण्यासाठी उचललेले बोट क्षणभर थांबवावे, इतकेच.